तिसावी बरणी

स्वयंपाकघरात तेहेतीस बरण्या होत्या. अर्ध्या लिटरच्या लोणच्याच्या अकरा, मेयोनीजच्या नऊ, मुरंब्याच्या सात, बाळांच्या खाऊच्या चार. राहिलेल्या दोन खरं तर बरण्या नव्हत्याच. एक होती फुलदाणी, तोंडाला फडकं बांधलेली, आणि एक चहाचा पत्र्याचा डबा. पण यानिनाने त्यांनाही बरण्यांतच धरलं, नाहीतर वेगळा रकाना आखावा लागला असता. याशिवाय चार शेगड्या, त्यांतल्या दोन चालू; नऊ स्टुलं; एक तराजू; मेलेल्या फ्रिजमध्ये दिवा लावून केलेली उबपेटी; आणि शेगडीमागे भिंतीशी स्तेफा मावशीचे नमद्याचे, म्हणजे जाड लोकरीचे बूट, एक जोड.

न्योमान विद्यापीठाचा जीवशास्त्र विभाग तो एवढाच.

मिन्स्कमध्ये त्याला दोन मजले होते. मे महिन्यात तिथे एक तपासणी पथक आलं. त्यांनी जिन्याची रुंदी मोजली, ती नियमापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली आणि विद्यापीठ बंद झालं. पथकाच्या पाठोपाठ यानिनाने टेप घेऊन तोच जिना मोजला. तो नियमापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त भरला. तिने तसं सांगितलंही. तोवर वीज तोडून झाली होती.

वीज गेली म्हणजे शीतपेटी गेली, आणि शीतपेटीत प्राध्यापक रिहोर मिखाइलाविच यांची तीस वर्षं होती. राय या धान्याच्या काळ्या पावाचं आंबवण प्रत्येक गावाचं वेगळं असतं. दह्याच्या विरजणासारखं ते आईकडून मुलीकडे जातं. सरांनी छत्तीस गावं पायाखाली घालून छत्तीस आंबवणं जमवली होती, एकेका काचेच्या नळीत एकेक. पाच वाजता दाराला लाखेचं सील लागणार होतं आणि आतली प्रत्येक वस्तू सरकारजमा होणार होती. सरांनी मग व्हरांड्यात उभं राहून, जो समोर येईल त्याच्या खिशात एकेक नळी घातली आणि कानात सांगितलं, घरी न्या, रायच्या पिठाचा घास घालत राहा, जगवा. आणि कुणाला कळू देऊ नका.

घोटाळा झाला तो या शेवटच्या वाक्याने.

दुसऱ्या कुठल्या देशात छत्तीस माणसांना असं सांगितलं असतं, तर तिघाचौघांनी तरी विसरून कुठेतरी काहीतरी लिहून ठेवलं असतं. यांच्यात तशी सोय नव्हती. गुपित कसं राखावं हे तिथली मुलं चालायला लागण्याआधी शिकतात. प्रत्येकाने नळीवरची चिठ्ठी खरवडून काढली आणि बरणीवर आपल्या मनाने दुसरी लावली. ‘आलुबुखाराचा मुरंबा’. ‘आजोबांचं सांधेदुखीचं औषध’. ‘उघडू नये’. एकीवर नुसतं ‘हे माझं नाही’. ल्यावोन नावाचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, विभागातला सगळ्यात वाचाळ प्राणी, त्याने वर आणखी शहाणपण केलं. सप्टेंबरात सगळे बसने सीमा ओलांडून विल्नियसला निघाले, तेव्हा त्याने बसमधल्या सगळ्या बरण्या आपसांत बदलल्या. कुणी पकडला गेलाच तर आपण काय नेतोय हे त्याला माहीत नसावं, म्हणून.

मूळ यादी यानिनाकडे होती. तेवीस वर्षांची, नुकतीच पदवी घेतलेली, प्रयोगशाळेची मदतनीस. यादी तिने नुसती फाडली नाही. गंधकाम्लात बुडवून तिचा कोळसा केला, कोळसा नळाखाली धुतला आणि मग नळही धुतला. त्याआधी तिने ती पाठ केली होती, कुठली नळी कुणाकडे. पाठांतर चोख होतं. आता त्याचा उपयोग मात्र शून्य होता.

सीमेवर कुणी पकडलं नाही. पहारेकऱ्याने फुलदाणीवरचं फडकं उचलून वास घेतला आणि म्हणाला, याला भूक लागली आहे, कसली माणसं तुम्ही. दोघांनी मात्र घाबरून आपल्या बरण्या बसच्या खिडकीतून टाकल्या होत्या. एक विद्यार्थी मागेच राहिला. त्याच्या बरणीचे त्याच्या वडिलांनी पोळे करून खाल्ले.

विल्नियसमध्ये परिचारिकांच्या जुन्या वसतिगृहाचा एक मजला त्यांना मिळाला. तिथल्या मान्यता समितीचं पत्र ऑक्टोबरात आलं. पत्र सभ्य होतं आणि त्यात एक अट होती. विभागाकडे शिकवण्याजोगा जिवंत संग्रह हवा: किमान तीस नमुने, प्रत्येकाची ओळख मोजमापाने पटवलेली. समिती गुरुवारी, तेवीस तारखेला येईल. मान्यता मिळाली नाही, तर एकोणीस विद्यार्थ्यांचे राहण्याचे परवाने महिनाअखेर संपत होते. त्यांना परत जावं लागलं असतं, आणि तिथे त्यांची नावं आधीच अशा यादीत गेली होती, जी कुणी गंधकाम्लात बुडवली नव्हती.

यानिनाने सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि बरण्यांना एक ते तेहेतीस आकडे दिले. सात नंबरमध्ये खरोखरच आलुबुखाराचा मुरंबा निघाला. तो कुणाचा, हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. तीन बरण्यांवर हिरवी बुरशी होती, त्यांतली आंबवणं मेली होती. उरली एकोणतीस.

ती ओळखायची कशी, यावर दोन दिवस नुसत्या चर्चा झाल्या. मग सरांना आठवलं की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इथल्याच एका नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला होता, तक्त्यासह. यानिना शहरातल्या ग्रंथालयात गेली आणि धुळीतून तो अंक काढून आणला. छत्तीस गावं, प्रत्येकापुढे तीन आकडे: अठ्ठावीस अंश उबेत आंबवण दुप्पट फुगायला लागणारा वेळ, त्यातून सुटणारा वायू, आणि त्याच्या पावाची आम्लता. तिने तक्ता छातीशी धरून ट्रॉलीबस पकडली आणि तंद्रीत आपल्या थांब्याच्या दोन थांबे पुढे उतरली.

मग बारा दिवस मोजणं चाललं. एकोणतीस बरण्या, प्रत्येकीचं तीन वेळा. एकोणीस विद्यार्थी पाळीपाळीने घड्याळ घेऊन स्टुलावर बसायचे आणि सर शेगडीपाशी उभे राहून त्यांना व्याख्यान द्यायचे. मंगळवारी दुपारी यानिनाने शेवटच्या बरणीपुढे गावाचं नाव लिहिलं. एकोणतीसच्या एकोणतीस जुळल्या.

“एक कमी,” ल्यावोन म्हणाला. “मुरंबा धरला तर पुरे होतील.”

“मुरंब्याचा वेळ काढून दे, धरते,” यानिना म्हणाली.

तो खरोखर उबपेटीकडे निघाला, तेव्हा तिने त्याला चमचा फेकून मारला.

तक्त्यात सात गावं बिनबरणीची उरली होती. तीन मेली, दोन खिडकीतून गेली, एक पोटात गेली. म्हणजे सहा. यानिनाने पुन्हा बोटं मोजली. सातवं कुठे गेलं? सरांना विचारलं, तर त्यांना व्हरांड्यातली ती दुपार धुक्यासारखी आठवत होती. नळ्या सगळ्या संपल्या एवढं नक्की. शेवटची कुणाला दिली, ते काही केल्या आठवेना.

स्तेफा मावशीने सगळ्यांपुढे पाव आणि बटाटे ठेवले. स्तेफा मावशी मिन्स्कमध्ये विद्यापीठाची फरशी पुसायची. कुणी ये म्हटलं नव्हतं; बस सुटताना ती बादली, फडकं आणि हिवाळ्याचे बूट घेऊन आत येऊन बसली, आणि इथे आल्यावर स्वयंपाकघर तिचं झालं. सप्टेंबरात नमद्याचे बूट कशाला, म्हणून ल्यावोनने तिची महिनाभर थट्टा केली होती.

यानिनाने पावाचा घास घेतला. गेले सहा आठवडे ती हाच पाव खात होती. आंबट, दाट, जिभेच्या कडांना चावणारा. बारा दिवस आम्लतेचे आकडे लिहून तिची जीभ आता वेगळी झाली होती. ती चघळायची थांबली.

कुणाला काही न सांगता तिने त्या पावाचा पंचवीस ग्रॅम गर तोलला, पाण्यात कालवला, गाळला, त्यात रंग दाखवणारं दर्शक टाकलं आणि वरून अल्कलीचे थेंब सोडत गेली. पाणी गुलाबी व्हायला नेहमीपेक्षा फार थेंब लागले. आम्लता भरली साडेबारा अंश. उरलेल्या सात गावांपैकी सहांची दहाच्या आत होती. सातवं साकुनी, दलदलीतलं गाव: बारा पूर्णांक सहा. अर्थात पावाची आम्लता पिठावर आणि तासांवरही अवलंबून असते, हा काही पुरावा नव्हता. पण संशय घ्यायला पुरेसा होता.

ती मावशीकडे गेली आणि पावाला आंबवण कुठून आणता, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. मावशी बटाटे सोलत राहिली. बाजारातून, म्हणाली. बाजारात कुठे? बाजारात बाजारात. यानिनाने साडेबारा अंशांचं सांगितलं. त्यावर मावशी म्हणाली, पाव आंबट लागतो हे कळायला पोरीला पदवी घ्यावी लागली, मजाच आहे.

मग सर स्वतः आले. यानिनाने आकडा दाखवल्याबरोबर त्यांना जिना आठवला, जिन्यात बादली आठवली, बादलीशेजारी वाकलेली पाठ आठवली.

“स्तेफानिया, त्या दिवशी मी तुम्हाला एक नळी दिली होती का?”

“नाही.”

“मला वाटतं दिली होती.”

“तुम्हाला वाटू शकतं, रिहोर मिखाइलाविच. शिकलेल्या माणसांना बरंच काही वाटतं.”

 सर स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागले. यानिनाला वाटलं ते रडताहेत. ते म्हणाले, “मीच सांगितलं होतं. कुणालाही सांगू नका. मी स्वतः विचारलं तरी नाही म्हणा.”

मावशीने पुढचा बटाटा घेतला. कुणा तिऱ्हाइताबद्दल बोलणं चाललंय असा चेहरा.

सरांनी हसू आवरलं, उभे राहिले आणि रीतसर सांगितलं की ते तिला त्या शब्दातून मोकळं करत आहेत. मुलांचं वर्ष अडलंय, परवा समिती येतेय, आता लपवायचं कारण नाही.

“समजा हं, नुसतं समजा,” मावशी बटाट्याला म्हणाली, “की कुणी कुणाला असं सांगितलं. मग तोच माणूस उद्या येऊन ‘आता सांग’ म्हणाला, तर त्याच्या मागे दुसरं कुणी उभं नाही कशावरून? माझ्या वडिलांनाही असंच एकाने येऊन गोड बोलून सांगितलं होतं, आता बोलायला हरकत नाही. ते बोलले. सात वर्षांनी घरी आले.” तिने साल एका लांबलचक पट्टीत उतरवली. “तुमच्या मागे कुणी नाही, दिसतंय मला. पण शब्द म्हणजे शब्द.”

 

यानिनाला दोन अज्ञात असलेलं समीकरण दिसत होतं आणि एक अट कुठेतरी राहून गेली होती. तिने सरांना विचारलं, नुसतं ‘सांगू नका’ म्हणालात, की ‘अमुक होईपर्यंत’ असंही काही म्हणालात? सर आठवत राहिले. त्यांची नजर मावशीच्या चाकूवरून दाराकडे गेली, आणि तिथेच थांबली.

“पाटी,” ते हळूच म्हणाले. “विद्यापीठाच्या दाराला पुन्हा पाटी लागेपर्यंत.”

चाकू क्षणभर थांबला. मग चालू झाला.

पाटी नव्हती. इथे येऊन दीड महिना झाला होता, पण दाराला पाटी नव्हती, घंटेपाशी नाव नव्हतं, पत्रपेटीवर तर मागच्या परिचारिकांचंच नाव होतं. विद्यार्थ्यांनी दोनदा विषय काढला होता आणि दोन्ही वेळा सर म्हणाले होते, नको, कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं, रस्त्यावरून कोण जातं काय माहीत. इथे कुणाचं भय नाही हे त्यांना कळत होतं. पण तीस वर्षांची सवय सीमेवर काढून ठेवता येत नाही.

“सर, पाटी लावू या,” यानिना म्हणाली.

“आतल्या दाराला लावली तर?”

“आतल्या दाराला स्वयंपाकघर म्हणून लावता येईल.”

मावशी खोकली. ते हसणंही असू शकेल.

बुधवारी सकाळी ल्यावोनने कपाटाच्या खणाचा तळ काढला. प्लायवूडचा चांगला तुकडा होता, साठ सेंटिमीटर बाय बावीस. रंग नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट रंगवायला जी निळी शाई वापरतात तिची बाटली होती. त्या शाईने त्याने अक्षरं काढली. न्योमान विद्यापीठ. खाली, जीवशास्त्र विभाग. न्योमान ही त्यांच्या देशात उगम पावणारी नदी. ती सीमा ओलांडून इकडे येते, आणि तिच्याकडे परवाना अजून कुणी मागितलेला नाही, असं ल्यावोन हात निळे करत सगळ्यांना सांगत होता.

खिळा सरांनी स्वतः ठोकला. पहिला घाव खिळ्यावर, दुसरा अंगठ्यावर. समोर ट्रॉलीबसच्या थांब्यावर सहा माणसं उभी होती आणि सहाही पाटी वाचत होती. सरांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. एका बाईने मान हलवून नमस्कार केला. सरांनी हातोडी दुसऱ्या हातात घेतली आणि टोपी काढली.

तेवढ्यात स्तेफा मावशी एप्रनला हात पुसत बाहेर आली. तिने पाटी एकेका अक्षरावर थांबत वाचली. शेवटच्या अक्षरातून शाईचा ओघळ खाली आला होता, तो एप्रनच्या कडेने टिपला.

“डावीकडे बोटभर खाली आहे,” म्हणाली आणि आत गेली.

सगळे तिच्या मागोमाग. ती शेगडीमागे वाकली, डाव्या बुटात कोपरापर्यंत हात घातला आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली एक बरणी बाहेर काढली. आत करड्या रंगाचं आंबवण मंद बुडबुडत होतं.

“दिवसातून एक घास, आणि मग झोपू द्यायचं,” ती म्हणाली. “सारखं उठवायचं नाही. साकुनीचं आहे. आता तुम्ही विचारणार नाव कसं माहीत, तर तुम्हीच सांगितलं होतं, रिहोर मिखाइलाविच. तुम्हाला कुठे काय आठवतं.”

ल्यावोन बुटाकडे पाहत राहिला. महिनाभर त्याने याच बुटांची थट्टा केली होती. मावशीने त्याच्या पाठीत एक हलकी चापट दिली आणि उरलेले बटाटे त्याच्यापुढे सरकवले.

गुरुवारी समिती आली, म्हणजे दांगुओले बाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, हातात स्वतःचं घड्याळ आणि स्वतःची पट्टी. पाटीपाशी थांबून त्यांनी डोकं किंचित डावीकडे कलतं केलं आणि मग सरळ केलं. आत येऊन एकोणतीस नमुन्यांच्या वह्या तपासल्या. अधूनमधून एखादा आकडा स्वतः मोजून पाहिला. एकही चुकीचा निघाला नाही. यानिनाला त्या आवडायला लागल्या.

तिसावा नमुना कालच सापडला, असं सरांनी सांगितलं आणि बुटाची सगळी हकिगत ऐकवली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली.

“गोष्ट छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण सांगितलेलं मी लिहीत नाही. मोजलेलं लिहिते.”

मग ठरलं. उभ्या काचेच्या नळकांड्यात आंबवण पाच सेंटिमीटरपर्यंत भरायचं, अठ्ठावीस अंश उबेत ठेवायचं, आणि दहाच्या रेघेला कधी पोचतं ते पाहायचं. तक्त्यात साकुनीचा वेळ पाच तास दहा मिनिटं होता, छत्तिसांत सगळ्यात संथ. बिनबरणीच्या बाकी सहांतलं सगळ्यात मंद चार तास पाच मिनिटांत दुप्पट व्हायचं. बाईंनी दहा मिनिटं मागेपुढे मान्य केली. त्याबाहेर गेलं तर एकोणतीस. नळकांडं उबपेटीत गेलं तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

पाच तास आंबवणाकडे बघत बसायचं म्हणजे माणसाला दुसरं काही सुचत नाही. सरांनी त्यावरच व्याख्यान दिलं. दांगुओले बाई शेवटच्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि सरांना तो इतका आवडला की व्याख्यान वीस मिनिटं लांबलं. अकराला मावशीने पाव कापला. बाईंनी एक तुकडा घेतला, मग दुसरा. तिसरा घेताना म्हणाल्या की त्यांची आजीसुद्धा पाव मेपलच्या पानांवर भाजायची. पानं उलटी ठेवायची की सुलटी, यावर मावशीचं आणि त्यांचं जुंपलं. एकीला दुसरीची भाषा अर्धीच येत होती, पण त्याने काही अडलं नाही.

बारानंतर यानिना उबपेटीपुढून हलली नाही. एक वाजून सतरा मिनिटांनी चार तास पाच मिनिटं झाली. आंबवण आठ सेंटिमीटरवर होतं. म्हणजे बाकी सहांतलं ते नव्हतं. आता भीती उलटी होती. बुटातून काल बाहेर काढलेलं, दोन दिवसांत सगळ्यांनी वास घेऊन घेऊन दमवलेलं आंबवण तिथेच बसून राहिलं तर? दोनला नऊ सेंटिमीटर तीन मिलिमीटर. वर एक बुडबुडा आला, फुटला, आणि पातळी जराशी खाली गेली.  एकोणीस विद्यार्थी, नऊ स्टुलं. उरलेले भिंतीला टेकून उभे होते.

“झोपू द्या म्हटलं ना,” मावशी पुटपुटली. “किती बघाल बिचाऱ्याकडे.”

सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. यानिनाने आणि दांगुओले बाईंनी मात्र वळवली नाही. दोघी गुडघ्यांवर बसल्या होत्या, डोळे रेघेच्या पातळीत, वाचनात चूक नको म्हणून. बाईंच्या हातात घड्याळ होतं, यानिनाच्या हातात पेन्सिल. दोघींनी आकडा स्वतंत्रपणे लिहायचा, असं ठरलं होतं.

मग त्यांनी कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर तेच होतं. दहा सेंटिमीटर, दोन वाजून पंचवीस मिनिटं. लागलेला वेळ: पाच तास तेरा मिनिटं.